जुन्या ऑटोमॅटिकचा कन्व्हर्टर निवडताना

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालेली बारा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक कार साठ-सत्तरच्या वेगाला हलकीशी थरथरू लागते. ॲक्सिलरेटर दाबला की थरथर जाते, पाय सैल सोडला की परत येते. मिस्त्री गाडी चालवून पाहतो आणि सांगतो, ‘कन्व्हर्टर गेला.’ यानंतर मालकाला जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांविषयी हे प्रकरण आहे. कन्व्हर्टर खरंच गेला आहे का, गेला असेल तर त्याच्या जागी कोणता घ्यायचा, आणि घेतलेला टिकावा म्हणून काय करायचं, असे ते तीन निर्णय. पैसे बहुतेक वेळा दुसऱ्यात घालवले जातात, पण नुकसान होतं ते पहिल्या आणि तिसऱ्यात.

भंडाऱ्याला हे यंत्र, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, तसं परकं नाही. वैनगंगेच्या काठी किंवा गावातल्या तलावाच्या पाळीवर जो जेसीबी माती उचलतो, त्याच्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टरच असतो. म्हणून बकेट ढिगाऱ्यात रुतली तरी इंजिन बंद पडत नाही. पवनी तालुक्याला स्पर्श करणारी नागपूर–नागभीड छोटी लाईन नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. त्या काळातल्या नॅरोगेजवर धावणारी झेडडीएम-4ए इंजिनं डिझेल-हायड्रॉलिक जातीची, म्हणजे ताकद तेलामार्फत पोचवणारी होती आणि त्यांत मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याच्या नावाने ओळखलं जाणारं ‘सुरी ट्रान्समिशन’ होतं. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे आणि तिथे ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनतात. ब्रिटनच्या ज्या लेलँड कंपनीचं नाव या कंपनीला मिळालं, तिने 1933 च्या सुमाराला ‘गिअरलेस बस’ म्हणून ज्या गाड्या विकल्या, त्यांत स्वीडिश अभियंता आल्फ लिसहोल्म याच्या संशोधनातून आलेला टॉर्क कन्व्हर्टर होता. त्याही आधी, 1905 मध्ये, जर्मनीच्या हेर्मान फोटिंगर याने या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याला ते हवं होतं जहाजासाठी, वाफेच्या टर्बाईनचा प्रचंड वेग संथ फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोचवायला. मोटारीत ते रुजलं 1948 च्या ब्युइकच्या ‘डायनाफ्लो’ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपासून.

आत काय असतं

पितळी भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध आहे, म्हणून परातीचं उदाहरण घेऊ. दोन खोल पराती तोंडाला तोंड लावून बसवल्या आहेत, दोन्हींच्या आतून तिरप्या पात्या आहेत आणि मधली जागा तेलाने भरली आहे. पहिली परात, म्हणजे पंप, इंजिनाबरोबर फिरते आणि तेल बाहेरच्या कडेकडे फेकते. ते तेल दुसरीच्या, म्हणजे टर्बाईनच्या, पात्यांवर आदळून तिला फिरवतं. टर्बाईनच्या स्प्लाइनमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसलेला असतो. दोघींच्या मध्ये तिसरा भाग असतो, स्टेटर. टर्बाईनमधून परतणारं तेल उलट्या दिशेने येऊन पंपाला अडवू नये म्हणून स्टेटर त्याची दिशा वळवतो. या वळवण्यामुळेच गाडी जागेवरून हलताना टॉर्क वाढतो. साध्या कारमध्ये तो जवळपास दुप्पट होतो. टर्बाईनने पंपाचा वेग गाठत आणला की स्टेटरची गरज संपते. तेव्हा तो मोकळा फिरावा म्हणून त्याच्या पोटात एकाच दिशेने फिरणारा वन-वे क्लच असतो.

तरीही तेलामार्फत जोडलेल्या दोन भागांत थोडी घसरण राहतेच आणि ती घसरण उष्णतेत जाते. म्हणून आत एक लॉकअप क्लच बसवतात. स्थिर वेगात हा क्लच टर्बाईनला थेट कव्हरला चिकटवतो आणि घसरण थांबते. पॅकार्ड कंपनीने 1949 मध्ये असा क्लच कारमध्ये आणला, आणि सत्तरच्या दशकातल्या इंधनटंचाईनंतर तो सर्रास झाला. जुन्या गाडीत आधी झिजतं ते याचंच अस्तर, मग बेअरिंग, आणि कधीकधी स्टेटरचा वन-वे क्लच. कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असल्यामुळे यातलं काहीही बाहेरून दिसत नाही.

आधी दोषी ठरवा

कन्व्हर्टर बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ती मजुरी एकदाच पडावी, म्हणून खालच्या चाचण्या आधी करून घ्या.

पहिली चाचणी तेलाची. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लालसर आणि पारदर्शक असावं. तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे क्लचची अस्तरं जळत आहेत. ऑइल पॅनच्या चुंबकाला चिकटलेला काळसर चिखल थोडा असणारच, पण तेलात चांदीसारखी चमक दिसली तर आत धातू घासतो आहे. तेल गुलाबी दुधासारखं झालं असेल, तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून त्यात पाणी शिरलं आहे. पाणी लागलेली कागदी अस्तरं वाचत नाहीत, त्यामुळे इथे एकट्या कन्व्हर्टरने भागत नाही.

थरथर लॉकअपची आहे की इंजिनाची, हे रस्त्यावर कळतं. मोकळा, सरळ रस्ता आणि शेजारी मिस्त्री असेल तेव्हा थरथरीच्या वेगाला ब्रेक पेडलला पाय फक्त टेकवा, म्हणजे ब्रेकचा स्विच लागेल पण गाडी दबणार नाही. बहुतेक गाड्यांत त्या क्षणी लॉकअप सुटतो आणि आरपीएम दोन-तीनशेने वर जातो. त्याबरोबर थरथर थांबली, तर बोट लॉकअपकडे. आरपीएम वर गेला तरी थरथर तशीच राहिली, तर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि इंजिन माउंट पाहा. मिसफायर होणारं इंजिन अगदी कन्व्हर्टरसारखंच वागतं आणि प्लग बदलणं कितीतरी स्वस्त पडतं. आरपीएम अजिबात हललाच नाही, तर लॉकअप मुळात लागतच नसेल. तेव्हा सोलेनॉइड, वायरिंग आणि पी0740 ते पी0744 या मालिकेतले कोड स्कॅनरवर तपासा.

आवाजाची परीक्षा उभ्या गाडीत होते. ब्रेक दाबून डी टाकल्यावर घरघर येते आणि न्यूट्रलला जाते, तर संशय कन्व्हर्टरच्या बेअरिंगवर घ्यावा, कारण डीमध्ये टर्बाईन थांबलेली असते आणि पंप फिरत असतो. पण तडा गेलेली फ्लेक्सप्लेटही असाच खडखडाट करते. ती इंजिनाला जोडलेली पातळ तबकडी असते आणि खालचं झाकण काढलं की दिसते. ती पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

स्टॉल टेस्ट ही जुनी, कामाची, पण जोखमीची चाचणी आहे. तेल गरम, चाकांखाली ठोकळे, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही पूर्ण, समोर कोणी उभं नाही, अशा स्थितीत डीमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम कुठे थांबतो ते पाहायचं; तोच स्टॉल स्पीड. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ कधीही नाही, आणि नंतर न्यूट्रलमध्ये मिनिटभर तरी तेल फिरू द्यायचं. आकडा मॅन्युअलमधल्यापेक्षा बराच वर गेला, तर गिअरबॉक्सचे क्लच घसरत आहेत किंवा तेल कमी आहे. बराच खाली राहिला, तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटरचा वन-वे क्लच सुटला आहे. स्टेटर जाम झाला असेल, तर मात्र आकडा बरोबर येतो; फरक हायवेवर पडतो, गाडी वरच्या वेगाला जात नाही आणि तापते. ही चाचणी स्वतः करू नका. करणारा जाणता असेल तरच करू द्या.

थरथर लॉकअपची असली तरी लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. तेल जुनं असेल, तर योग्य जातीचं एटीएफ बदलून काही दिवस गाडी चालवा. ताज्या तेलात घर्षणाचे गुण परत मिळतात आणि अशा बऱ्याच गाड्या तेवढ्यावर सुधारतात. पॅनमधून मात्र निम्म्याच्या आसपासच तेल निघतं. उरलेलं कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमध्ये राहतं, म्हणून ते दोन-तीन टप्प्यांत बदलावं लागतं.

गाडीच्या नावावर जाऊ नका

कन्व्हर्टर घ्यायला गेलेला माणूस दुकानात गाडीचं नाव सांगतो. चुकीची सुरुवात बहुधा इथेच होते. ‘डिझायर ऑटोमॅटिक’ म्हटलं तर कोणती? 2012 नंतरच्या काही वर्षांच्या पेट्रोल डिझायरमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा चार-गतींचा गिअरबॉक्स होता. 2017 च्या नव्या डिझायरमध्ये एएमटी आली, म्हणजे साधा गिअरबॉक्स, त्याचा क्लच यंत्राने दाबायचा, कन्व्हर्टर नाहीच. भारतात एएमटी प्रथम आली 2014 च्या सेलेरिओत, आणि तेव्हापासून ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दात आणखी एक वेगळं यंत्र मिसळलं.

होंडा सिटीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 2003 नंतरच्या सिटीची सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांशिवाय गती बदलणारा गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टरशिवाय चालायची, तिथे स्टार्ट क्लच होता. 2008 च्या सिटीला कन्व्हर्टरसह पाच-गतींचा ऑटोमॅटिक मिळाला, आणि 2014 च्या सिटीत पुन्हा सीव्हीटी आली, पण या वेळी कन्व्हर्टरसह. इनोव्हा क्रिस्टा एकाच पिढीत 2.7 लिटर पेट्रोल आणि 2.8 लिटर डिझेल अशा दोन इंजिनांसह सहा-गतींच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळायची. डिझेलचा टॉर्क 360 न्यूटन-मीटर, पेट्रोलचा 245. बाहेरून दोघी सारख्या, पण एकीचा कन्व्हर्टर दुसरीला बसवणं धोक्याचं.

म्हणून दुकानात चार गोष्टी लिहून न्या: गिअरबॉक्सच्या कव्हरवर कोरलेला किंवा पट्टीवर छापलेला कोड, इंजिन कोड, चॅसिस नंबर, आणि गाडी बनली तो महिना-वर्ष. चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या कॅटलॉगमधून भाग क्रमांक काढून मिळतो. तो क्रमांक आधी, आणि विक्रेत्याचं ‘चालून जाईल’ नंतर. कॅटलॉगमध्ये तो क्रमांक नव्या क्रमांकाने बदलला असेल, तर नवा क्रमांकही लिहून घ्या.

स्टॉल स्पीडचा मोह

इंटरनेटवर ‘हाय स्टॉल’ कन्व्हर्टरची भलामण दिसते: पिकअप वाढेल, गाडी झेपावेल. हे रेसच्या गाड्यांचं गणित आहे. तिथे इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमवर असते, म्हणून कन्व्हर्टर मुद्दाम जास्त घसरू देतात. रोज भंडारा ते नागपूर, तुमसर किंवा साकोली करणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला त्यातून मिळतं ते गरम तेल आणि कमी मायलेज.

स्टॉल स्पीड हा कन्व्हर्टरचा पक्का आकडा नसतो हेही लक्षात घ्या. तो इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. एखादा कन्व्हर्टर 110 न्यूटन-मीटरच्या इंजिनावर 2,200 आरपीएमला अडत असेल, तर 160 च्या इंजिनावर तोच सुमारे 2,650 ला अडेल. म्हणून दुसऱ्या गाडीतून काढलेल्या कन्व्हर्टरचा छापील स्टॉल आपल्या गाडीत तसाच येईल, हे गृहीत धरू नका. जुन्या गाडीला कंपनीने दिलेला आकडाच ठेवा. गिअर बदलण्याचे क्षण आणि लॉकअपची वेळ गाडीच्या संगणकात त्याच आकड्यावर बसवलेली असते.

नवा, रिबिल्ट की भंगारातला

पर्याय तीनच. कंपनीचा नवा कन्व्हर्टर सर्वांत खात्रीचा, पण जुन्या मॉडेलसाठी तो मिळायला वेळ लागतो आणि किमतीमुळे ‘गाडीची किंमत किती, त्यात हा खर्च किती’ हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न टाळू नये. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावी लागते. गाडी ती तपासणी पार करेल का, इंजिन आणि बॉडी तेवढी टिकेल का, हे आधी ठरवा.

रिबिल्ट हा बहुतेकांसाठी शहाणा मार्ग. त्यात जुना कन्व्हर्टर लेथवर शिवणीतून कापतात, आतले भाग धुतात, लॉकअपचं अस्तर, बेअरिंग, सील आणि लागल्यास वन-वे क्लच बदलतात, पुन्हा वेल्ड करतात, हवेच्या दाबाने गळती पाहतात आणि शेवटी बॅलन्सिंग करतात. हबचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, डायल गेजने मोजला जातो. विचारायचे प्रश्न साधे आहेत: उघडला होता की नुसता धुवून रंगवला? अस्तर नवं घातलं? गळती आणि बॅलन्सिंग कुठे तपासलं? हमीत मजुरी धरली आहे का? ‘उघडायची गरज पडली नाही’ असं उत्तर आलं, तर तो रिबिल्ट नव्हे, जुनाच आहे. जेसीबीचे कन्व्हर्टर उघडणारा कारागीर कौशल्याने उत्तम असू शकतो, पण कारच्या लॉकअपचं योग्य अस्तर आणि बॅलन्सिंग मशीन त्याच्याकडे आहे का, हे विचारायलाच हवं.

भंगारातला म्हणजे अपघातात गेलेल्या गाडीचा. स्वस्त पडतो, पण त्याची पारख हातानेच करावी लागते. हबवरून नख फिरवा. सीलने पाडलेली खाच नखाला अडकली तर तो गळणार. शिवणीवर आणि कव्हरवर निळसर झाक असेल, तर तो तापून गेला आहे. आतल्या मधल्या स्प्लाइनमध्ये दोन बोटं घालून स्टेटर फिरवा. एका दिशेला सहज फिरावा आणि दुसऱ्या दिशेला अडावा. दोन्हीकडे फिरला किंवा दोन्हीकडे अडला, तर बाजूला ठेवा. पोटातलं तेल ओतून वास घ्या, चमक पाहा. आणि बिल घ्याच. कोणत्या गाडीतून काढला ते बिलावर लिहून घेतलेलं बरं, म्हणजे उद्या चोरीच्या मालाचा प्रश्न आपल्या दारात येणार नाही.

कोणताही घ्या, जुना आणि नवा शेजारी ठेवून मापं जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरचा व्यास, बोल्टपासून हबच्या टोकापर्यंतची उंची, क्रँकशाफ्टमध्ये बसणाऱ्या पायलटचा व्यास, बोल्टची संख्या आणि वर्तुळ, टर्बाईन स्प्लाइनचे दाते, ऑइल पंपाला फिरवणाऱ्या हबवरच्या खाचा. स्प्लाइनचे दाते मोजा, अंदाज करू नका. एका दात्याचा फरक डोळ्याला दिसत नाही.

बसवण्यातली शिस्त

चांगला कन्व्हर्टर वाईट बसवला की ऑइल पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो. म्हणून मिस्त्रीशी या तीन गोष्टी आधीच बोलून घ्या.

एक, बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये थोडं एटीएफ ओतायचं आणि पंपाचं नवं सील लावायचं. रिकाम्या कन्व्हर्टरमध्ये पहिल्या क्षणी बेअरिंग कोरडी फिरते.

दोन, कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर ठेवून दाबत फिरवायचा. तो तीन टप्प्यांत आत जातो: स्टेटरचा स्प्लाइन, टर्बाईनचा स्प्लाइन आणि शेवटी पंपाच्या खाचा. मॅन्युअलमधलं खोलीचं माप पट्टीने पाहायचं. मग गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत काही मिलिमीटर पुढे सरकला पाहिजे. तो घट्ट बसला असेल, तर थांबायचं. बोल्ट ओढून फट मिटवण्याचा प्रयत्न म्हणजे पंपाचा मृत्यू.

तीन, कूलर. जुन्या कन्व्हर्टरची अस्तरं आणि धातूचा कीस रेडिएटरमधल्या कूलरमध्ये जाऊन बसलेला असतो. नळ्या आणि कूलर फ्लश केले नाहीत, तर तो सगळा गाळ नव्या कन्व्हर्टरमध्ये उतरतो. गाळ फार असेल, तर कूलरच बदला. याच सोबत फिल्टर आणि पॅनचं गॅसकेटही नवं घाला.

तेल आणि विदर्भाचं ऊन

विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. एटीएफचा नेहमीचा तापमानपट्टा 80 ते 95 अंश सेल्सिअस. जाणकारांचा ढोबळ ठोकताळा असा की त्यावर दर दहा अंशांनी तेलाचं आयुष्य निम्मं होतं. नागपुरातल्या सिग्नलांवरची गर्दी आणि उन्हातली ट्रॅफिक यांत कन्व्हर्टर सतत घसरत असतो, आणि कूलरला हवा मिळत नाही. म्हणून रेडिएटरचा पंखा, कूलंट आणि कूलरची स्वच्छता हा कन्व्हर्टरच्या आयुष्याचाच भाग समजा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. क्षारांनी नळ्या चोंदतात, आतला कूलर गंजतो आणि एक दिवस पाणी तेलात मिसळतं.

तेलाची जात गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच. होंडाची डीडब्ल्यू-1, टोयोटाची टी-फोर किंवा डब्ल्यूएस, ह्युंदाईची एसपी-थ्री, अशा जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत, आणि सीव्हीटीचं तेल तर वेगळंच. पातळी पाहण्याची पद्धतही वेगळी: बऱ्याच गाड्यांत ती गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून पाहतात, तर होंडाच्या ऑटोमॅटिकमध्ये गरम केल्यावर इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत. ही एक चूक झाली तरी तेल कमी-जास्त भरलं जातं आणि नवा कन्व्हर्टर दोषी ठरतो. शेवटी स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या संगणकाची जुनी शिकवणी पुसून त्याला नव्याने शिकू द्यावं लागतं, ज्या गाडीत ती सोय आहे तिथे.

एकूण निकाल असा. रोजच्या वापराच्या जुन्या ऑटोमॅटिकला कंपनीच्याच मापाचा आणि कंपनीच्याच स्टॉलचा कन्व्हर्टर घ्या. नवा परवडत नसेल, तर खरोखर उघडून केलेला रिबिल्ट घ्या. भंगारातला घ्यावा लागला, तर सगळ्या चाचण्या स्वतःच्या बोटांनी करून मगच घ्या. बिलावर गिअरबॉक्सचा कोड आणि कन्व्हर्टरचा भाग क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका. आणि कूलर धुतल्याशिवाय कोणालाही नवा कन्व्हर्टर बसवू देऊ नका.